निर्मुख जाताना काय म्हणतो

खराळवाडी, पिंपरी
११ जानेवारी

नागसेन,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते फेकून दिलं नसशील, तर पुढे वाच. तू नंबर बदललास. नवा मिळवला, तर त्यावर मला ब्लॉक केलंस. बरं. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही. पार तमिळनाडूतल्या होसूरचा पत्ता तुझ्या दोस्ताने, ज्ञानेशने दिला. कंपनीच्या कामाला तिकडे आला होता तेव्हा तुझ्या खोलीवर जेवून गेला म्हणे. त्याच्यावर रागावू नकोस, मी चहा पाजून पाजून त्याला बेजार केलं तेव्हा कुठे तोंड उघडलं त्याने.

घरी ये म्हणायला लिहीत नाही. तू गेल्यावर मी आणि शेखर रावेतचं भाड्याचं घर सोडून इथे आईजवळ राहायला आलो, हे तुला ज्ञानेशने सांगितलंच असेल. शेखरला मित्र घरजावई म्हणून चिडवतात आणि त्या बाबाला त्याचं काही वाटत नाही, कारण भाकरी आईच्या हातची मिळते. माझी चाकणची नोकरी चालू आहे. अजून तेच काम, दिवसभर पार्ट गेजमध्ये घालून बघायचा, बसतो की नाही बसत. बसला तर पुढे, नाही तर लाल क्रेटमध्ये. मधलं काही नाही. तू म्हणायचास तसं माझं डोकंही तसंच झालंय, आणि त्यात वाईट काय आहे हे मला अजून कळलेलं नाही.

लिहायचं कारण एक सिनेमा आहे. हस हवं तर.

'सप्तरक्षक' नावाचा इंग्रजी सिनेमा मराठीत डब होऊन आलाय. आधी सात वीरांचे सात सिनेमे काढले, आता सगळ्यांना एकत्र आणून पृथ्वी वाचवायला लावलीय. माझा नवरा अडतिसाव्या वर्षी सुट्टीच्या दिवशी त्यातल्या निर्मुखचं चित्र असलेला टी-शर्ट घालून भाजी आणायला जातो. निर्मुख म्हणजे सातातला तो, ज्याला चेहराच नाही. नाक, डोळे, काही नाही, नुसता घासलेल्या पत्र्यासारखा गुळगुळीत. तो बोलतही नाही. शेखरचा फॅन लोकांचा ग्रुप आहे, सगळे आपल्यासारखेच नोकरदार घोडे. त्यांनी ओळीने तिकिटं काढली होती, एकाला ओव्हरटाइम लागला, तिकीट उरलं. आणि आई म्हणाली, मी येती. आपला धाकटा धम्मरत्न गेल्यापासून ती विहाराशिवाय कुठे गेलेली नाही. मी लगेच तिला साडी काढून दिली.

शेवटी असं होतं की कसलंतरी मोठं दार आतून बंद करावं लागणार असतं, आणि बंद करणारा आतच राहणार असतो. निर्मुख पुढे होतो. जाताना एकदा मागे वळतो. त्याला चेहरा नाही त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते कळत नाही. मग आत जातो. तोवर थिएटरमध्ये शिट्ट्या, आरडाओरडा, पण त्या वळण्याच्या वेळी कुणी हूं का चूं करत नाही. आणि तिथे आईने माझं मनगट धरलं.

"आमे, धम्मा बोलला."

मी म्हणाले, काय बोलला? तर म्हणाली, "येतो म्हणला."

पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, हो आजी, मी पण ऐकलं, येतो म्हणाला निर्मुख. मग सगळ्या रांगेत तेच सुरू झालं. मी कुठे होते म्हणशील तर शेजारीच होते. पॉपकॉर्नचा पुडा खाली पडला होता, तो उचलत होते.

आई खूश आहे. नीट जेवतेय. तुला कळवावं वाटलं म्हणून लिहिलं. उत्तर दिलंस तर चालेल.

तुझी ताई

•

२५ जानेवारी

नागसेन,

उत्तर नाही. ठीक आहे. माझं पाकीट परत आलेलं नाही, म्हणजे तू घेतलंस. आत्ता एवढं पुरे.

इकडे त्या दोन अक्षरांवरून जुंपलीय. शेखरच्या पक्षाचं म्हणणं, निर्मुख येतो म्हणाला म्हणजे दुसऱ्या भागात परत येणार, कंपनीने खूण ठेवलीय. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, अरे येड्यांनो, मराठी माणूस वाण्याच्या दुकानातून निघताना पण येतो म्हणतो, त्यात कसली खूण? एका पोराने यावर वीस मिनिटांचा व्हिडिओ केलाय. 'येतो'तला 'ये' लांबवलाय की आखूड, यावर त्यातली निम्मी मिनिटं गेली आहेत. पिंपळे सौदागरला गॅरेज आहे तो शहेबाज, शेखरचा दोस्त, आपल्या घरी चहाला येऊन म्हणाला, "भाभी, आमच्यात जाणारा जातो बोलतो. तुम्ही लोक जाताना येतो बोलता. आता तुमच्या माणसाच्या बोलण्यावर भरोसा कसा ठेवायचा?"

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जातो म्हनू न्हाई बाबा. जातो म्हनलं की मानूस जातोच."

हसलो आम्ही. पण नंतर एक विचित्र गोष्ट निघाली. नाशिकचे, कोल्हापूरचे, इतकंच काय आपल्या राजगुरुनगरचे फॅनसुद्धा म्हणायला लागले की आमच्याकडे तिथे काही शब्दच नाही. नुसता वारा ऐकू येतो. चिंचवडवाले फेकताहेत. शेखर चिडला, शहेबाजला घेऊन पुन्हा गेला, आणि तोंड पाडून आला. नुसता वारा. त्याच आठवड्यात आईने हट्ट धरला म्हणून तिला नेलं तर सगळ्या थिएटरने ऐकलं. मग पुन्हा आईशिवाय गेले, पुन्हा वारा. शेवटी शहेबाजच म्हणाला, "आजी असल्या की बोलतो तो."

तू म्हणशील, ध चा मा करणारी माणसं. मीही तेच म्हणाले. एवढ्या अंधारात पाच-पन्नास माणसांनी एकदम ऐकायचं ठरवलं तर वारासुद्धा बोलेल. पण आता ते आईला न्यायला गाडी पाठवतात. मधली खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवतात, गुडघ्यांसाठी समोर पाय ठेवायला बॅग ठेवतात. सिनेमाभर दंगा करणारी पोरं त्या जागेपाशी आली की एकमेकांच्या तोंडावर हात ठेवतात. आणि शब्द येऊन गेला की टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. सगळे आईकडे बघतात. मला ते बघणं आवडत नाही. विहारात मूर्तीकडे बघावं तसं बघतात.

मी काय ऐकलं ते विचारू नकोस. माझ्या मागे बसलेल्या बाईचं पोर रडत होतं.

ताई

•

९ फेब्रुवारी

नागसेन,

हे पत्र जरा नीट वाच.

मला वाटलं होतं मला कारण सापडलंय. धम्मरत्न नक्कल छान करायचा, पुण्याला कुठे कुठे आवाजाची चाचणी द्यायला जायचा. त्यापायी शिफ्ट बुडवायचा, आणि तू तुझ्या शब्दावर त्याला कंपनीत लावलेलं असल्यामुळे तुला खाली बघावं लागायचं, हे सगळं मला माहीत आहे. तर मी म्हटलं, त्याने तिथे या सिनेमासाठी एखादा शब्द देऊन ठेवला असेल. तो गेला, आवाज राहिला. असं असतं तर मी आईला सांगितलं असतं की हो, धम्माच आहे, रड हवी तेवढी, आणि गोष्ट मिटली असती.

शेखरच्या ग्रुपने डबिंग करणाऱ्यांना गाठलं. निर्मुखला मराठी आवाज देणारा माणूस स्वतः बोलला. बिचारा म्हणाला, मला त्या सिनेमात एकही शब्द नाही, मी त्याच्यासाठी फक्त धापा टाकल्यात. त्या वळण्याच्या जागी ओळ लिहिलेलीच नाही. धम्मरत्न नावाचा कुणी आमच्याकडे कधी आला नव्हता. हे वाचून ग्रुपमध्ये दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. त्या माणसांना गप्प बसवणं काय असतं ते मला विचार.

मी आईला हे सांगितलं. वाटलं, आता शहाणी होईल. ती म्हणाली, "मला ठाव हाय."

मग तिने मला त्या दिवसाचं सांगितलं. मी तेव्हा रावेतला होते, मला फक्त एवढंच माहीत होतं की तुमचं भांडण झालं, तो गाडी काढून निघाला आणि मोशीच्या पुढे ट्रेलरखाली गेला. आई आत पीठ मळत होती. धम्मा उंबऱ्यातून म्हणाला, आई, येतो. आणि तिने ये म्हणायच्या आत तू दार आपटलंस आणि म्हणालास, जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

"मग आता तोंड कसं दावंल त्यो?" आई म्हणाली. "मोठ्या भावाचा शब्द हाय. म्हनून बिनतोंडाचा आलाय."

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

नागसेन, मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. रागात आपण सगळेच बोलतो. शेखरला मी आठवड्यातून एकदा तरी तोंड काळं कर म्हणते आणि तो भाजी घेऊन परत येतो. तू वायसीएम हॉस्पिटलात एकटा आत गेलास, धम्माचा चेहरा एकट्याने बघितलास आणि आम्हा कुणाला बघू दिला नाहीस. पांढरं बांधूनच घरी आणलास. ते तू आमच्यासाठी केलंस हे मला कळतं. त्यानंतर तू जे होसूर गाठलंस तेही कळतं. पण आई आता त्या सिनेमातल्या पत्र्याच्या माणसाला बघायला जाते आणि घरी येऊन मला विचारते, नाग्या त्याला तोंड दाखव कधी म्हननार? यावर मी काय सांगू?

आणि आता खरं सांगते. मला एकदाही ऐकू आलेलं नाही. पुडा पडला, पोर रडलं, सगळं खोटं. मी कान देऊन बसते, शेजारची परकी पोरं शहारतात, आणि मला नुसता वारा. सख्खी बहीण मी. बसतो की नाही बसत एवढंच बघणाऱ्या बाईला तो बोलणार नाही असं मी स्वतःला सांगते. पण वाईट वाटतं रे.

आईला एक फोन कर. तुझ्या तोंडून दोन शब्द जाऊ देत. मग ती जायची थांबेल असं मला वाटतं. सिनेमा आता उतरायला आलाय.

ताई

•

२० फेब्रुवारी

नागसेन,

सिनेमा काल उतरला. शेवटच्या खेळाला मी रजा टाकून गेले, दुपारचा होता.

थिएटर गच्च. मुंबईहून, नगरहून माणसं आली होती, फक्त तो शब्द ऐकायला. काही जण आईच्या पाया पडायला लागले. मी त्यांना खडसावलं, तर आई म्हणाली, असू दे. त्यांच्यातल्या एकाने हळूच विचारलं, आजी, तो परत येणार ना? दुसऱ्या भागाचं विचारत होता तो. आई म्हणाली, "म्या अजून त्याला ये म्हनलेलं न्हाई."

मला तेव्हा कळलं की इतके दिवस ती ओठ दाबून का बसायची. जाणारा येतो म्हणाला की घरातल्याने ये म्हणायचं असतं. आपल्या सगळ्यांच्या जिभेला ती सवय आहे. ती सवय आई प्रत्येक खेळाला आवरत होती. मी तिच्या कानात म्हणाले, आजही बोलू नकोस. का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे, बाबांनी आपल्याला तसं वाढवलंच नाही. तरी म्हणाले. तिने मान हलवली.

निर्मुख दारापाशी गेला. वळला. सगळीकडे सामसूम. मला वारा ऐकू आला. मग शेजारच्या पोरीने श्वास ओढला, म्हणजे शब्द आला असणार. आणि आईच्या तोंडून निघून गेलं.

"ये."

मुद्दाम नाही. तिने लगेच तोंडावर पदर दाबला. स्वयंपाकघरातून आपण बाहेर न बघता म्हणतो ना, ये रे, तसं. जन्मभराची सवय, एवढ्या वेळा आवरली, शेवटच्या वेळी सुटली.

सिनेमात काही फरक पडला नाही म्हणतात. शेखर शपथेवर सांगतो की निर्मुख नेहमीसारखा दार लावून आत गेला. पण शहेबाज आमच्याच रांगेत होता आणि तो बाहेर आल्यावर घाम पुसत होता. म्हणाला, "भाभी, ते दार आज बंद नाही झालं." दोघांनी एकच सिनेमा एकाच वेळी बघितला. मी पदर दाबलेल्या आईकडे बघत होते, त्यामुळे मला माहीत नाही.

आईला घेऊन गाडीने घरी आलो. उतरताना तिने गाडीचं दार लावलं नाही. मी लावायला गेले तर म्हणाली, थांब जरा. आणि कुणीतरी उतरायला वेळ लागावा तेवढं थांबली.

तू उत्तर देत नाहीस. मी आता रागावत नाही. पण फोन कर.

ताई

•

२४ फेब्रुवारी

नागसेन,

हे घाईत लिहितेय. शेखर बाहेर गाडी चालू करून थांबलाय, हे स्पीड पोस्टाने टाकायचंय.

काल रविवार. दुपारची जेवणं झाली होती. शेखर पडला होता, मी मोरीत भांडी घासत होते. आई त्या दिवसापासून दार उघडं ठेवून उंबऱ्याजवळच बसते, कितीही सांगा. मला बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आई कुणाशीतरी बोलायला लागली. मला वाटलं कुरिअरवाला असेल.

मग मी त्याचा आवाज ऐकला.

इतके दिवस ज्याच्यासाठी कान टवकारले तो आवाज, थिएटरमध्ये नाही, आपल्या दारात, भर उन्हात. मी नीट सांगते, मला भास होत नाहीत. दहा हजार पार्ट बघून त्यातला वाकडा काढते मी. तो धम्माचा आवाज होता. तो म्हणाला, "नाग्या नाही का घरात?"

मोरीतून उंबरा दिसतो, तुला माहीत आहे. एक पाय आत, एक बाहेर ठेवून माणूस उभा होता. धम्माचा निळा शर्ट. डोक्याला हेल्मेट, काच खाली ओढलेली. काचेवर ऊन होतं, त्यामुळे आत काही दिसत नव्हतं. आत काही होतं की नाही हेही मला सांगता येत नाही.

आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाग्या आता हितं न्हाई राहत. होसूरला असतो." आणि तिने त्याला तुझा पत्ता सांगितला. माझ्या पाकिटांवर लिहिताना बघून तिने तो पाठ केला होता. तालुका, पिन कोड, सगळं. पाव्हण्याला रस्ता सांगावा तसं हाताने दाखवत सांगितलं.

तो म्हणाला, "बरं. येतो."

मी हातात ताट घेऊन धावले. मला ओरडायचं होतं, आई, काही बोलू नकोस. पण आई आधीच ये म्हणून मोकळी झाली होती. मी दारात पोचले तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. समोरचे लोक ओट्यावर बसले होते, त्यांनी कुणी बघितलं नाही. गाडी गेल्याचा आवाज मात्र त्यांनीही ऐकला, हायवेकडे.

मी आईला म्हणाले, तू काय केलंस? ती म्हणाली, "भावाकडं चाललाय. त्यात काय झालं?" आणि हसली. खूप दिवसांनी इतकं मोकळं हसली. मी तिच्यावर ओरडू शकले नाही.

शेखर झोपेतून उठून आला. आधी माझ्याकडे, मग त्या उघड्या दाराकडे बघत राहिला. त्याने तो टी-शर्ट काढून ठेवलाय आणि ग्रुप सोडलाय. ज्ञानेशला फोन केला, त्याने तुझा नंबर पुन्हा दिला, पण तो लागत नाही. मग मी लिहायला बसले.

मला तुझी भीती वाटतेय, नागसेन. हे स्पष्टच लिहिते. मेलेला माणूस हाक मारतो ते चांगल्यासाठी नसतं असं सगळे म्हणतात. पण मी धम्माला ओळखते. त्याला कुणाचं वाईट करता यायचं नाही, मुंगळा उचलून बाहेर सोडायचा तो. त्याला तुझ्याकडून काय हवंय ते मला वाटतं आईने ओळखलंय. तू त्याला तोंड दाखवू नकोस म्हणालास, आणि तो तुझं ऐकतोय. लहानपणापासून तुझंच तर ऐकत आला. तो शब्द तुझा आहे. तो मी परत घेऊ शकत नाही, आई घेऊ शकत नाही.

दार वाजलं तर उघड. त्याला उंबऱ्यात ताटकळत ठेवू नकोस. आणि मग त्याला म्हण, तोंड दाखव. मला माहीत आहे मी काय मागतेय. तू तो चेहरा एकदा बघितला आहेस, आम्ही नाही. तरी म्हण. डोळे मिटू नकोस.

पोस्टातला माणूस म्हणतो, होसूरला तीन दिवस तर लागतीलच. धम्मा काल दुपारी निघालाय.

आम्रपाली